रंगरुटाचे घर

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेस, डोंगराच्या पायथ्याशी सोयगाव वसलेले आहे. जगप्रसिद्ध अजिंठा लेणी याच तालुक्यात आहेत. गावापासून थोड्याच अंतरावर वेताळवाडीचा जुना किल्ला घाटावर नजर ठेवून उभा आहे. कापूस आणि मका पिकवणारा हा मुलूख. येथे काय आणि मराठवाड्यातील इतर तालुक्यांत काय, पहाटेच्या अंधारात रस्त्याने धावणारी तरुण मुले हल्ली नेहमी दिसतात. सैन्यभरतीत १.६ किलोमीटर अंतर धावून दाखवावे लागते. जो ते साडेपाच मिनिटांत पुरे करतो, त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. तेवढ्यासाठी ही मुले महिनोन् महिने घाम गाळतात.

भरतीची ही धावपळ सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. मुलगा निवडला गेला की पेढे वाटले जातात, गळ्यात हार पडतात, शाळेत त्याचा सत्कार होतो. परंतु त्यानंतर जे सहा-सात महिने येतात, त्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. त्या काळात मुलगा प्रशिक्षण केंद्रात शिकत असतो. त्याचे घरही त्याच काळात काही शिकत असते. मुलाला शिकवायला उस्ताद असतात. घराला शिकवायला कोणी नसते.

काही गावांना हे शिक्षण परंपरेनेच मिळालेले आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. तेथे आजोबांनी, चुलत्यांनी, शेजाऱ्यांनी पलटणीत नोकरी केलेली असते, आणि मुलगा भरती झाला म्हणजे काय करावे व काय करू नये हे कोणी सांगावे लागत नाही. मराठवाड्याची गोष्ट निराळी आहे. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि इंग्रजांच्या मराठा पलटणींची भरती मुख्यत्वे कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात होत असे. त्यामुळे सोयगावसारख्या तालुक्यात फौजेत जाणारा मुलगा हा पुष्कळदा आपल्या घराण्यातला पहिलाच शिपाई असतो. त्याच्या आईने बराकीचे दार कधी पाहिलेले नसते, आणि ‘रंगरूट’ हा शब्दही तिच्या कानांना नवा असतो. रंगरूट म्हणजे नुकताच भरती झालेला, अजून शपथ न घेतलेला शिपाई.

जून २०२२ मध्ये सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तेव्हापासून साडेसतरा वर्षे पूर्ण झालेली मुले ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी भरती होऊ लागली. चार वर्षांनंतर त्यांच्यापैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश जवानांना पुढे कायम करण्याची तरतूद या योजनेत करण्यात आली. या योजनेविषयी मोठ्या माणसांत पुष्कळ वाद झाले. येथे एवढेच ध्यानात घ्यायचे की, जो मुलगा पेटी उचलून निघतो तो कित्येकदा बारावीची परीक्षा नुकतीच दिलेला, ओठांवर मिसरूड फुटू लागलेला मुलगा असतो.

तो जातो कोठे? मराठा लाइट इन्फंट्रीत निवड झाली, तर बेळगावला. या रेजिमेंटचा इतिहास १७६८ सालापासून सुरू होतो, आणि तिचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. कोणी पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात जातो, कोणी नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात, कोणी मध्य प्रदेशातील सागर येथे महार रेजिमेंटच्या केंद्रात. सोयगावच्या मुलाला आगगाडी धरण्यासाठी शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्यास जावे लागते. तेथून मनमाड, पुणे, मिरज करीत बेळगाव गाठायचे. ज्याने जिल्ह्याचे ठिकाणही मोजून चार वेळा पाहिले असेल, त्याला हा प्रवास फार लांबचा वाटतो.

घराची खरी मदत या प्रवासाच्या पुष्कळ आधी सुरू व्हावयास हवी. ती पैशांची नव्हे आणि लाडवांच्या डब्याचीही नव्हे. केंद्रात मुलाला आपले कपडे आपण धुवावे लागतात, बूट चकचकीत करावे लागतात, तुटलेले बटण टाकावे लागते, आणि अंथरूण असे घडी करावे लागते की उस्तादांना त्यात एक सुरकुती दिसता कामा नये. ज्याचे ताट सतरा वर्षे आईने उचलले, त्याला ही कामे धावण्याहून जड जातात. म्हणून निवडीची बातमी येताच आईने त्याचे कपडे धुणे बंद करावे, हे उत्तम. पहिल्या दिवशी तो कुरकुर करील आणि सदऱ्याची कॉलर मळकीच ठेवील. पंधरा दिवसांत हात बसेल. रात्री दहाला निजणे, पहाटे उठणे, पानात येईल ते खाणे, नखे वेळेवर कापणे आणि पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे या क्षुल्लक वाटणाऱ्या सवयींची शिदोरी गाडीत नासत नाही.

केंद्रात पाऊल टाकताच केस बारीक कापले जातात. आरशात पाहून मुलाला आपलीच ओळख पटत नाही. सूर्योदयापूर्वी उठणे, कवायत, व्यायाम, शस्त्रांचे पाठ, नकाशा वाचणे, दोरावर चढणे, संध्याकाळी खेळ आणि रात्री हजेरी, असा दिवस चालतो. हातात येणारी रायफल चार किलोंच्या आसपास भरते. हे वजन फारसे नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी पाण्याने भरलेली चार लिटरची कळशी दोन्ही हातांनी छातीपुढे धरून शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या घालून पाहाव्यात. पुढे याच वजनासह आणि अंगावरील साजासह ५ किलोमीटर धावण्याची परीक्षा होते. २०२३ साली बेळगावात अग्निवीरांची पहिली तुकडी तयार झाली, तेव्हा प्रशिक्षणाचा काळ ३१ आठवड्यांचा होता. त्यांतील पहिले १० आठवडे मूलभूत शिक्षणाचे होते.

या पहिल्या आठवड्यांतच घराची कसोटी लागते.

मोबाईल वापरण्यावर केंद्रात बंधने असतात. ठरलेल्या वेळी, बहुधा सुटीच्या दिवशी, थोडा वेळ बोलता येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असाच एक फोन येतो आणि पलीकडून बारीक आवाज येतो, “आई, मला नाही जमत. मी घरी येऊ का?”

हा प्रश्न सर्वच रंगरूट विचारतात असे नाही. परंतु मनात तो फार जणांच्या येऊन जातो. अंग ठणकत असते, झोप पुरत नसते, आणि ज्याला गावात सारे नावाने ओळखतात तो येथे रांगेतला एक असतो. आईच्या पोटात कालवाकालव होते. “ये बाळा, नको ती नोकरी,” असे शब्द तिच्या ओठांवर येतात. फोन वडिलांच्या हाती असेल, तर ते दुसऱ्या टोकाला जातात. “गावाने हार घातले तुला. आता परत आलास तर तोंड कसे दाखवू?” असे ते बोलून बसतात. दोन्ही उत्तरे प्रेमातूनच निघतात आणि दोन्ही मुलाला एकटे पाडतात. पहिल्या उत्तराने त्याचा उरलासुरला धीर सुटतो. दुसरे उत्तर अधिक वाईट आहे. कारण त्याने परतीची वाट बंद होते. बंद दाराला पाठ लावून उभा राहिलेला मुलगा पुढे शूर होतो, ही समजूत चुकीची आहे. तो फक्त आपले दुखणे सांगायचे सोडून देतो.

मग काय बोलावे? घाई न करता लहान लहान प्रश्न विचारावेत. जेवलास का? काय होते जेवायला? पायाला फोड आले आहेत का? शेजारच्या खाटेवर कोण आहे, कोणत्या गावचा? झोप लागते का? उस्तादांना सांगितलेस का? या प्रश्नांची उत्तरे देता देता मुलाचा आवाज हळूहळू मूळ जागेवर येतो. ‘जमत नाही’ या दोन शब्दांमागे कधी केवळ दुखणारी टाच असते, कधी सकाळी सर्वांदेखत मिळालेली शिक्षा असते. नेमके काय ते कळले की अर्धे ओझे उतरते. मग त्याला म्हणावे, “घर तुझेच आहे, ते कुठे जात नाही. पुढच्या रविवारपर्यंत राहून पाहा, आणि तेव्हा पुन्हा बोलू.” एकतीस आठवडे कोणालाच दिसत नाहीत, पुढचा रविवार सर्वांना दिसतो.

तथापि, प्रत्येक तक्रारीला हेच उत्तर देऊन चालणार नाही. मुलाने जेवणखाण टाकले असेल, कोणी त्याला नियमाबाहेर जाऊन मारहाण करीत असेल, किंवा ‘आता जगण्यात राम नाही’ असे काही तो बोलत असेल, तर तेथे धीराचे बोल पुरे पडत नाहीत. अशा वेळी रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी त्याच्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना कळवावे. साहेब रागावतील, मुलाचे नाव खराब होईल, अशा भीतीने गप्प बसणारे घर मुलाचे फार मोठे नुकसान करते.

फोन संपतो, पण पत्र उशाशी राहते. आजच्या दिवसांत पत्राची गोष्ट कोणाला जुनाट वाटेल. तरीही रात्रीच्या हजेरीनंतर पेटीतून काढून पुन्हा वाचता येते ते पत्रच. पूर्वी खेड्यांत वाचता येणारी माणसे थोडी असत, तेव्हा फौजेतून आलेले पत्र गुरुजी किंवा शाळेत जाणारे एखादे पोर साऱ्या घराला वाचून दाखवी, आणि उत्तरही तेच लिही. हे काम आजही घरातल्या शाळकरी मुलांना उत्तम साधते. मोठी माणसे पत्रात उपदेश करतात. मुले बातम्या देतात, आणि रंगरुटाला बातम्याच हव्या असतात. सोयगावची एखादी धाकटी बहीण असे लिहू शकेल:

“दादा, विहिरीचे पाणी दोन हात वर आले आहे. कापसाची पहिली वेचणी झाली. बाबा म्हणतात, भाव पडला आहे, थोडे थांबू. तुझी सायकल मी शाळेला नेते. मागचे चाक पंक्चर झाले होते, ते मी स्वतः काढले. तू आलास की तपासून पाहा. आजीने तुझ्या वाटणीची कळण्याची भाकरी परवा चुकून टाकली आणि मग ती मोतीला घातली. मोती आता तुझ्या खाटेखालीच निजतो. आई म्हणते, पायांची काळजी घे. तू किती वाजता उठतोस ते लिही. मीही त्या वेळी उठून पाहणार आहे.”

या पत्रात ‘शूर हो’ असे कोठेही लिहिलेले नाही. तरी ते वाचून मुलाला आपले घर जागच्या जागी आहे हे कळते, आणि आपली तेथील जागा कोणी विसरलेले नाही हेही कळते.

घरातली वाईट बातमी लिहावी की लपवावी? बहुतेक घरे लपवतात. आजी आजारी पडली, बैल दगावला, कर्जाचा हप्ता थकला, तरी “इकडे सर्व खुशाल” असेच लिहिले जाते. हेतू चांगला असतो. परंतु गावातला कोणी मित्र एके दिवशी ती बातमी मोबाईलवर कळवतोच. त्यानंतर घरचे ‘सर्व खुशाल’ हे शब्द मुलाला कधीच खरे वाटत नाहीत. त्यापेक्षा खरे ते सांगावे आणि त्याबरोबर त्यावर काय उपाय चालला आहे तेही सांगावे. आजी आजारी आहे, सिल्लोडच्या दवाखान्यात दाखवले, औषध सुरू आहे, काल तिने पेज घेतली, असे लिहिले की काळजीला धरायला काठ सापडतो. कर्जाचा हिशेब मात्र त्याच्यापुढे मांडू नये. अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये वेतन ठरवण्यात आले. त्यांतील ९,००० रुपये निधीसाठी कापून २१,००० रुपये हाती पडतात. त्या रकमेवर घराने आधीच मनोरे रचले, तर कवायतीच्या मैदानावर मुलाच्या खांद्यावर रायफलीखेरीज आणखी एक ओझे चढते.

शरीराच्या दुखण्याविषयीही घराला थोडे ज्ञान असावे. एकाएकी धावणे आणि कवायत फार वाढली म्हणजे काही रंगरुटांच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. जगातील सर्व सैन्यांना हे दुखणे ठाऊक आहे. व्यायामाने स्नायूंप्रमाणे हाडही घट्ट होते. पण ते स्नायूंहून सावकाश घडते, आणि मध्यंतरी काही आठवडे ते कच्चे असते. त्या काळात दुखणे अंगावर काढले तर लहान तड्याचे मोठे मोडणे होऊ शकते. नडगीवर एकाच जागी बोट लावताच कळ येत असेल, तर मुलाने लगेच डॉक्टरांकडे जावे. भित्रा म्हणतील, सोबती पुढे जातील, या विचाराने पुष्कळ मुले ते लपवतात. अशा वेळी घरून आलेला एक शब्द मोलाचा ठरतो: “दाखव. मागे पडलास तरी चालेल.”

आणि तो खरोखरच मागे पडू शकतो. आजारपणामुळे किंवा परीक्षेतील अपयशामुळे रंगरुटाला त्याच्या तुकडीतून काढून मागच्या तुकडीत घालतात. केंद्राच्या बोलीत याला ‘रेलिगेट’ होणे म्हणतात. ज्यांच्याबरोबर पहिले अश्रू गाळले ते सोबती शपथ घेऊन निघून जातात आणि हा नव्या मुलांत पुन्हा रांगेला लागतो. गावाकडे लोक विचारतात, “त्याच्याबरोबरचा तर सुटीवर आला, तुमचा का नाही?” याचे उत्तर घराने मान खाली घालून देऊ नये. पाय दुखावला होता, बरा होतो आहे, पुढच्या तुकडीबरोबर येईल, असे सरळ सांगावे. कोणाला सैन्य सोडून घरीही यावे लागते. त्यालाही दारात पूर्वीसारखेच पाणी मिळावे, आणि कारण विचारण्याआधी जेवायला वाढावे.

आतापर्यंत मुलगा केंद्रात आणि आईवडील घरी, असे चित्र आपण पाहिले. ते नेहमी असेच असते असे नाही. मुलीही आता फौजेत जातात. मार्च २०२३ मध्ये ओडिशातील आय.एन.एस. चिल्का येथून नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात अडीचशेहून अधिक मुली होत्या. एका घरात तर आई शिकायला गेली आणि मुले मागे राहिली. सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमध्ये कुपवाडा येथे अतिरेक्यांशी लढताना हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पतीचाच गणवेश अंगावर घालण्याचे ठरवले. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल करण्यात आली. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत त्यांनी अकरा महिने खडतर शिक्षण घेतले. त्यांच्याबरोबर शिकणारी बहुतेक मुले-मुली वयाने त्यांच्याहून बरीच लहान होती. या काळात त्यांची शाळकरी मुलगी आणि तिच्याहूनही लहान मुलगा आईवाचून राहिली. वडील गेलेले, आई दूर. तरी त्यांनी ते महिने काढले. ९ सप्टेंबर २०१७ रोजी स्वाती महाडिक लेफ्टनंट झाल्या. अकादमीच्या नोंदीत त्यांचे नाव आहे. त्या दोन मुलांच्या अकरा महिन्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही.

घराच्या वाट्याच्या या कष्टांची दखल सैन्य मात्र आपल्या परीने घेते. प्रशिक्षण संपले की कसम परेड होते. त्या दिवशी आईवडिलांना केंद्रात बोलावतात. बेळगावच्या मैदानावर बँड वाजत असतो आणि तुकड्या एका ठेक्यात पुढे येतात. शेकडो मुलांचे केस सारखे, कपडे सारखे, चालही सारखी. सोयगावहून दोन दिवस आधी निघालेली आई त्यांत आपला मुलगा शोधत राहते आणि बराच वेळ तिला तो सापडत नाही. तिरंग्याच्या साक्षीने शपथ होते. रंगरूट शिपाई होतो. त्यानंतर जवानांच्या आईवडिलांना ‘गौरव पदक’ देण्याची प्रथा आहे. धुवट लुगड्याला किंवा पांढऱ्या सदऱ्याला लावलेले ते पदक गावी आल्यावर बहुधा देव्हाऱ्याशेजारी ठेवले जाते.

मग काही दिवसांची सुटी मिळते. घरी आलेला मुलगा पहिल्या पहाटे सर्वांच्या आधी उठून बसतो. अंथरुणाची घडी आईच्या घडीहून चोख घातलेली असते. ताट तो स्वतः उचलतो, आणि आजी म्हणते, “ठेव रे, मी आहे ना.” बहीण सायकल पुढे आणते. तो मागच्या चाकातली हवा दाबून पाहतो आणि मान डोलावतो.

सुटी सरताना नवा पत्ता लिहून घ्यायचा असतो. आतापर्यंत पाकिटावर बेळगाव असे गावाचे नाव असे. आता दूरच्या सीमेवर नेमणूक झाली, तर पत्त्यात गाव येत नाही. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘द्वारा ९९ ए.पी.ओ.’ एवढेच लिहायचे. ५६ क्रमांकाची पत्रे दिल्लीत आणि ९९ क्रमांकाची कोलकात्यात गोळा होतात आणि तेथून सैन्याचे टपालखाते ती पलटणीपर्यंत पोहोचवते. पत्र बर्फाच्या प्रदेशात गेले की वाळवंटात, हे पाकिटावरून कोणालाच कळत नाही. बहीण तो पत्ता आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेते, आणि गावाच्या नावासाठी सोडलेली ओळ तशीच कोरी ठेवते.